मोट खाली उतरेना

श्रावणातली सर चुकवायला कोकिळा मलकापुरातल्या एका रेडिओ-दुरुस्तीच्या दुकानाच्या छपराखाली शिरली, आणि तिच्या पिशवीतून एकाएकी घर्रर्र आवाज यायला लागला. आत रेडिओ उघडून बसलेल्या तरुणाने मान वर केली.

"पिशवीत भुंगा आणला काय जी?"

ओशाळून तिने आपोआप चालू झालेला नमुना पिशवीतून बाहेर काढला. वडनेर भोलजीच्या शाळेत ती विज्ञान शिकवायची. खेळण्यातली छोटी मोटार आणि दोन सेल जोडून बुलढाण्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तिने हा विहिरीवरच्या मोटेचा नमुना केला होता. पण मोट इतक्या झपाट्याने वर यायची की दोरीच तुटायची. आणि खाली तर उतरायचीच नाही.

त्या तरुणाचं नाव शालिग्राम. त्याने मोटारीच्या दोन तारांची अदलाबदल केली, तशी ती उलटी फिरू लागली. मग दर वेळी तारा सोडायला नकोत म्हणून त्या दोन्हीकडे दाबता येणाऱ्या दुहेरी बटणावर कशा जोडायच्या, हे त्याने सांगितलं. विजेच्या शेगडीच्या जुन्या तारेचं वेटोळं मध्ये घातलं की जितकी तार जास्त तितका वेग कमी, हेही समजावलं. कोकिळाने सगळं सामान त्याच्यापुढे सरकवलं, तुम्हीच जोडून द्या म्हणाली. त्याने पक्कड तिच्याच हातात दिली.

"तुमी जोडा. मी पाहतो."

"आणि चुकलं तर?"

"तर पुन्हा या. नाही चुकलं... तरी या."

ती चार रविवार आली. त्याचं लक्ष मोटारीपेक्षा तिच्या कपाळावरच्या बटेकडे जास्त असायचं. तिला ते कळायचं — म्हणूनच ती बट मागे सारत नसे.

प्रदर्शनात एका परीक्षकाने हसत विचारलं, बाई, हे कोणाकडून करून आणलं? लोकही हसले. कोकिळाचे कान तापले. तेवढ्यात मागे उभा असलेला शालिग्राम तिला दिसला. तिने सगळ्या तारा सोडल्या आणि सर्वांसमोर पहिल्यापासून जोडल्या. बटण दाबलं... मोटार गप्प. तिने शालिग्रामकडे पाहिलं. तो नुसता वाट पाहत होता, दुकानात पाहायचा तशी. तिने एकेक तार चाचपली, सैल सुटलेली पिळून घट्ट केली. मोट सावकाश खाली गेली, भरली, तशीच सावकाश वर आली. परीक्षकाने मुकाट्याने तिचं नाव लिहून घेतलं.

बाहेर पायरीवर तिने त्याला गाठलं.

"सैल तार दिसली होती न तुमाले? मंग सांगितलं काऊन नाही?"

"सांगितलं असतं, तर ते तुमचं राह्यलं नसतं."

तिने हळूच विचारलं, "बुलढाण्यात काय काम काढलं?"

"काम कुठचं... तुमाले पाहाले आलो."

"या रविवारी मी दुकानात नाही येणार," ती म्हणाली. त्याचा चेहरा पडला, तशी ती हसली. "तुमीच या, वडनेरले. बाबा घरी असतात. त्याइले इचारा."

"आणि आई?"

"आईले त म्या पयल्याच रविवारी सांगतलं."