खाडीराजाची भरती

चौथ्या मजल्याच्या बाल्कनीतून फासा खाली पडला आणि ईश्वरीच्या घरात एकच गोंधळ उडाला.

"दहा होता! मी बघितला, दहा होता!" शेजारचा आशुतोष ओरडला.

"हवेत असताना दहा होता ना?" ईश्वरीची मैत्रीण जाई म्हणाली. "हवेतला धरत नाहीत."

ईश्वरी बाल्कनीत जाऊन खाली वाकली. रस्त्यावर एक मुलगा सायकल थांबवून उभा होता आणि मान वर करून एकेक खिडकी बघत होता. दोघांची नजरानजर झाली. त्याने हातातली वस्तू वर धरून दाखवली. ईश्वरीने मान डोलावली... आणि तो सायकल भिंतीला टेकवून जिना चढू लागला.

दारात आला तेव्हा त्याला थोडी धाप लागली होती. अंगाला खाडीच्या वाऱ्याचा वास होता.

"हा मनी तुमचा काय?"

"कितीवर थांबला होता?" ईश्वरीने विचारलं.

तो हसला. "लोक आदी विचारतात, डोक्याला लागलं काय."

"लागलं का?"

"नाय. कॅरियरवर कोळंबीची टोपली हाय, वर ओला गोणपाट. त्याच्यावर पडला न् तिथंच बसला."

"मग कितीवर?"

"तीन."

"खोटं!" आशुतोष म्हणाला.

"मला काय ठाव, तीन चांगले का वाईट?"

"म्हणूनच धरायचा," ईश्वरी म्हणाली. "फासा कुठेही थांबला तरी थांबला. बघणारा तिऱ्हाईत असेल तर तो सांगेल ते खरं. आजपासून हा नियम. नाव काय तुमचं?"

"मिथुन."

"मग हा मिथुनचा नियम."

मिथुन कराव्याचा. सीवूड्सच्या बाजूला जुनं गाव आहे, तिथला. बारावीनंतर कॉमर्सला होता आणि कोळंबी आत्याकडे पोचवायला निघाला होता. आपल्या नावाचा नियम झाला म्हणजे काय झालं, हे त्याला कळलं नाही. पण ज्या मुलीने तो केला तिच्याकडे तो जरा जास्त वेळ बघत राहिला. मग आत्याची आठवण झाली आणि तो जिना उतरून पळाला.

पुढच्या रविवारी तो स्वतःहून आला. म्हणाला, "तुमी काय खेळता ते बघायचं हाय."

खेळ आशुतोषच्या मामाने आणलेला. मामा जहाजावर होता, परदेशातल्या कुठल्याशा बंदरात त्याने तो घेतला. खोक्यात सोंगट्या नव्हत्या, पट नव्हता. एक जाड इंग्रजी पुस्तक आणि दहा बाजूंचे फासे. प्रत्येकाने एक हिरो व्हायचं, अचाट ताकदीचा. एकाने खेळवायचं. काय घडतंय ते तो सांगतो, संकट तो आणतो, दुष्ट तो होतो आणि निवाडाही तोच करतो. आपण काय करणार ते आपण बोलून सांगायचं आणि जमलं की नाही ते फासा सांगतो. बस, एवढंच. पण खेळवणारा चांगला असला तर रविवारची दुपार कुठे जाते कळत नाही.

ईश्वरी चांगली होती. डिक्शनरी घेऊन तिने सगळं पुस्तक वाचून काढलं होतं, आणि मग त्यातलं निम्मं बाजूला ठेवलं होतं. पुस्तकातले हिरो शंभर मजली इमारतींवरून उड्या मारायचे. नेरूळला शंभर मजले कुठून आणायचे? तिने आपले नियम केले, आणि ज्याच्या उपद्व्यापामुळे नियम करावा लागला त्याचं नाव त्या नियमाला दिलं. उडणाऱ्याने उतरायची जागा आधी सांगायची, हा जाईचा नियम. कारण जाईची वीजबाई एकदा उडाली ती पाण्याच्या टाकीत पडली. ज्याचा हिरो मेला त्याने ती कथा संपेपर्यंत टेबलाशी बसायचं नाही, हा आशुतोषचा नियम. कारण त्याचा हिरो मेला की पाच मिनिटांत त्याचा जुळा भाऊ हजर व्हायचा.

"आणि फासे सगळ्यांसमोर टाकायचे," तिने मिथुनला सांगितलं. "पुस्तकात लिहिलंय, खेळवणाऱ्याने पुठ्ठ्याच्या आड टाकावे. मी नाही टाकत. मी कुणाची बाजू घेत नाही."

"कोनाचीच?"

"कोणाचीच."

"बगू," मिथुन म्हणाला आणि खुर्ची ओढून बसला.

त्याने हिरो केला तो खाडीराजा. पाण्याचा माणूस. भरती असली की त्याच्यात दहा जणांचं बळ आणि ओहोटी लागली की साधा माणूस.

"असला कसा हिरो?" आशुतोष म्हणाला. "अर्धा दिवस बेकार!"

"आमच्या खाडीला पन सगला येळ पानी नसतं. म्हनून काय ती खाडी नाय?"

ईश्वरी त्याच्याकडे बघतच राहिली. एवढं जाड पुस्तक, पण त्यात अशी ताकद कुठे नव्हती. तिने तिथल्या तिथे नियम केला. खाडीराजाची भरती-ओहोटी खरी धरायची, त्या दिवसाची, त्या वेळेची. पण सांगायची तिने, मिथुनने नाही. स्वतःच्या ताकदीचा निवाडा स्वतः करायचा नसतो. ती सकाळी पेपरात भरतीच्या वेळा बघून ठेवायची.

मिथुनला पेपर लागत नव्हता. खाडीच्या बांधावरूनच तो सायकल मारत यायचा. पण तो कधी बोलला नाही. ईश्वरीने "ओहोटी" म्हटलं की मान डोलवायचा आणि मार खायचा.

असे रविवार जात राहिले. "तुमी"चं "तू" कधी झालं कुणाच्या लक्षात आलं नाही. ईश्वरीने दुष्टाचा आवाज काढला की मिथुन डोळे मिटून ऐकायचा.

"झोपलास काय?" ती विचारायची.

"नाय. बगतोय."

"डोळे मिटून?"

"उघडे ठेवले तर तू दिसतेस. भरावासुर दिसत नाय."

जाई खोकायची. आशुतोष म्हणायचा, "खेळ चालू आहे, लोकहो." आणि ईश्वरी फासे उगाचच परत गोळा करायची...

भरावासुर तिने केलेला दुष्ट. डोंगराएवढा. मुठी भरभरून डबर उचलून खाडीत टाकायचा आणि खाडी बुजवायचा. शेवटच्या लढाईला सगळे जमले तो दिवस पुनवेच्या दुसऱ्या दिवशीचा होता. आईने पोहे ठेवले. दाराशी थांबून तिने विचारलं, "आज संपतोय ना रे तुमचा राक्षस?"

"राक्षस संपेल, काकू. कथा अजून चालेल, दिवाळीपर्यंत," जाई म्हणाली.

लढाई जुंपली. आशुतोषचा कॅप्टन गरुड खाली पडला, पण नशीब, तो नुसता बेशुद्ध झाला. वीजबाईकडे एकच झटका उरला. मध्ये उभा राहिला तो खाडीराजा. भरावासुराने त्याच्यावर सगळा डोंगर ढकलला. ईश्वरीने सगळ्यांसमोर फासा टाकला... दहा.

दहाचा घाव साधा माणूस सोसत नाही. भरतीतला खाडीराजा सोसेल.

ईश्वरीने मिथुनकडे पाहिलं. त्याची खुर्ची, टेबलावर टेकलेली कोपरं. हिरो मेला की ही खुर्ची रिकामी. दिवाळीपर्यंत. कराव्याच्या मुलाला चौथ्या मजल्यावर यायला दुसरं कारण काय होतं? आई दार उघडायची ते "खेळायला आलाय" म्हणून.

"भरती लागलीय," ती म्हणाली. "पाणी चढतंय. खाडीराजा डोंगर झेलतो."

"येऽऽ!" आशुतोष खुर्चीवर चढला. जाईने टाळ्या पिटल्या.

मिथुन हलला नाही. तो ईश्वरीकडे बघत होता. तिचे कान लाल झाले होते आणि ती फाशांकडे बघत होती, नुसती फाशांकडे. त्याच्या चेहऱ्यावर आधी नवल आलं, मग हसू यायला लागलं... आणि अर्ध्यातच थांबलं.

"ईश्वरी," तो हळू म्हणाला. "सुकती हाय."

"काय?"

"काल पुनव झाली. पानी दुपारी एकलाच भरून गेलं. आता उतरतंय. मी आत्ताच बांधावरून आलो, होड्या चिखलात बसल्यात."

"अरे गप ना!" आशुतोष म्हणाला. "ती म्हणते भरती तर भरती! जिंकतोय आपण!"

"कोनाला फसवून जिंकायचं काय?"

"फसवतंय कोण? खेळ आहे!"

"खेळ हाय म्हनूनच," मिथुन म्हणाला. मग ईश्वरीकडे वळला. आवाज अगदी मऊ झाला होता. "इतके रविवार तू सुकती म्हटली की मी मार खाल्ला. मला बरं वाटायचं. म्हटलं, ही कोनाची बाजू घेत नाय. माझी पन नाय. असं मानूस मी दुसरं बगितलं नाय. ते माझ्यासाठी मोडू नको."

ईश्वरीने मान वर केली. डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज नेहमीचा होता, निवाड्याचा.

"ओहोटी आहे," ती म्हणाली. "मी चुकीचं सांगितलं. खाडीराजा साधा माणूस आहे. डोंगर त्याच्यावर येतोय. मिथुन, काय करतोस?"

"पलत नाय. त्याच्या पायाला मिठी मारतो. वीजबाईला येळ मिलू दे."

"मिठी बसते. पण जिवंत राहायचं तर दहा हवा. टाक."

त्याने टाकला. चार.

मग ईश्वरीने जे सांगितलं ते त्या दुपारी तिथे असलेल्यांपैकी कुणी विसरलं नाही. ती म्हणाली, "डोंगर कोसळतो. खाडीराजाच्या अंगात आज खाडीचं बळ नाही. आहे ते त्याचं स्वतःचं, माणसाचं, आणि तेवढ्याने काही झेलता येत नाही. त्याला हे माहीत आहे. तरी तो हात सोडत नाही. चिखल त्याच्या खांद्यापर्यंत येतो, गळ्यापर्यंत येतो. शेवटी तो वर बघतो. बांधावर कुणीतरी उभं आहे, त्याच्याकडे बघतंय. ते माणूस कोण हे त्याला माहीत आहे... आणि तो हसतो. मग चिखल वरून मिटतो. भरावासुराचा पाय मात्र तिथेच अडकून राहिलेला असतो. जाई, तुझी पाळी."

जाईने डोळे पुसत फासा टाकला. नऊ. वीजबाईचा झटका लागला आणि भरावासुर कोसळला. ओरडलं कुणीच नाही.

मिथुन उठला.

"बस ना यार," आशुतोष म्हणाला. "माझ्या नावाचा नियम आहे ना? मी म्हणतो, रद्द."

"नियम तुझ्या नावाचा आहे," ईश्वरी म्हणाली. "तुझ्या मालकीचा नाही."

मिथुन हसला आणि चपला घालून बाहेर पडला. ईश्वरी क्षणभर बसली. मग फासे तसेच टाकून जिन्यात धावली. तो दुसऱ्या मजल्यावर पोचला होता. सावकाश उतरत होता, कुणीतरी मागून यावं अशा बेताने.

"पेपर बगितला नव्हता काय आज?" त्याने मागे न बघता विचारलं.

"बघितला होता. वेळा पाठ होत्या."

"मग?"

"मग काय..." ती कठड्याला धरून उभी राहिली. "तू पुढच्या रविवारी आला नसतास."

"आनि त्याचं तुला काय?"

"तुला माहीत आहे."

"माहीत हाय. तुझ्या तोंडून ऐकायचं हाय. तू सांगितलेलं खरं असतं... आजचं एक सोडून."

ती हसली. हसता हसता म्हणाली, "तू आवडतोस मला. हे बाजू घेऊन सांगतेय."

मिथुन दोन पायऱ्या परत वर आला. कुणाच्या तरी घरातून कुकरच्या शिट्या येत होत्या.

"मला तू पहिल्या दिवसापासून," तो म्हणाला. "कोन पोरगी असं विचारते, कितीवर थांबला?" मग जरा थांबून, "तू भरती कदी बगितलीस? पेपरातली नाय, खरी."

ती इथेच वाढली होती, पण तिने मान हलवली. नाही.

"उद्या कॉलेज सुटल्यावर ये. दुपारी दोनपर्यंत पानी चढतं. दाखवतो."

"आईला काय सांगू? खेळायला जाते म्हणून?"

"नको," मिथुन म्हणाला. "खरं सांग."

ईश्वरी वर आली तेव्हा आशुतोष आणि जाई टेबल आवरत होते. आई स्वयंपाकघरात पोह्यांच्या बश्या विसळत होती.

"आई, मी उद्या मिथुनबरोबर खाडीवर जाणार आहे."

"खेळायला?"

"नाही, आई. खेळायला नाही."

आईने नळ बंद केला. हातातली बशी पुसली, ठेवली, दुसरी घेतली. ती पुसता पुसता म्हणाली,

"मग आधी जेवायला घेऊन ये त्याला. उपाशी पोटी काय खाडी बघायची!"