उसनं अंग

शनिवारी सकाळी अक्षताने आजोबांचा फोटो खिळ्यावरून उतरवला, फडक्याने पुसला आणि कापडी पिशवीत घातला. काम साधंच होतं. करी रोड स्टेशनजवळच्या दुकानात जायचं, फोटो काचेबाहेर काढून स्कॅन करून घ्यायचा आणि दुपारपर्यंत परत आणायचा. तरी आजीने, म्हणजे मीराबाईने, परत कधी आणशील हे तिला दोनदा विचारलं. चाळीतल्या त्या खोलीला कितीदा रंग दिला गेला असेल, तेवढ्यापुरताच तो फोटो आजवर भिंतीवरून खाली आला होता.

फोटोत आजोबांच्या, म्हणजे सीतारामच्या, अंगात काळा कोट होता, पट्ट्यापट्ट्यांचा टाय होता, वरच्या खिशातून रुमालाचं टोक डोकावत होतं. शेजारच्या खोलीत भिंतीवर गणपत होता, त्याच्याही अंगात हाच कोट. त्यापलीकडच्या रामदासच्याही. तोच टाय, रुमालाचं तेच टोक. डिलाईल रोडच्या त्या चाळीत गेलेल्या गिरणी कामगारांना मिळून हा एकच कोट होता. माणूस वारला की घरचे त्याच्या गेटपासवरचा नखाएवढा फोटो घेऊन लालबागच्या स्टुडिओत जायचे. तिथला आर्टिस्ट डोकं मोठं करायचा आणि त्याखाली ठरलेला कोट रंगवून द्यायचा. जन्मात ज्याने कोट शिवला नाही, तो मेल्यावर साहेब होऊन घरी यायचा.

अक्षताला नेमकी त्याचीच चीड होती. आर्ट कॉलेजातून बाहेर पडल्यापासून ती चाळीतली माणसं पुरुषभर उंचीच्या कॅनव्हासवर रंगवत होती. जुन्या शेठ लोकांनी स्वतःची चित्रं काढून घेतली त्याच थाटात. तशीच सिंहासनासारखी खुर्ची, मागे तसाच मखमली पडदा, खुर्चीच्या हातावर तसाच रेललेला हात. फक्त खुर्चीत बसलेली माणसं सावळी, काळी, आपली. फोर्टातल्या एका गॅलरीने प्रदर्शन ठरवलं होतं आणि मधल्या भिंतीवर सीतारामचं चित्र लागायचं होतं. कोटाशिवाय. अंगात विरलेला बनियन, दंडावर कापसाचे तंतू.

सीतारामने सगळी हयात रिंगखात्यात, सूत काततानाच्या धुरळ्यात काढली. विणाईखात्यात पगार जास्त होता, पण तिथे मागावरच्या धोट्यातून धागा तोंडाने ओढून काढावा लागे. सीतारामच्या तोंडचा धागा इतरांच्या तोंडाला चालला नसता, म्हणून त्याची जात विणाईच्या दारातच अडली. त्याने कातलेल्या सुताचं कापड मात्र सगळ्यांच्या अंगाला चाललं. मग अशा माणसाला स्टुडिओच्या खोट्या कोटात का लपवायचं? लाज आपण का बाळगायची? हे ती भेटेल त्याला सांगे, अगदी दात घासत उभ्या असलेल्या भावालाही. सम्यक तोंडात फेस घेऊनच मान डोलवायचा.

आजीने मात्र मान डोलवली नाही. ती तांदूळ निवडत होती.

"कोट राहू दे गं," ती म्हणाली. "बाकी काय काढायचं ते काढ."

"आजी, तो कोट त्यांचा नव्हताच."

"बाबासाहेबांनी चांगले कपडे घाला म्हणून सांगितलं. जिता असताना जमलं नाही. मेल्यावर मी घातला. माझ्या पैशानं." तिने एक खडा बाजूला टाकला. "आणि कोट काढलास तर खाली काय आहे? डोकंच होतं पासावर. अंग कुणाचं लावणार?"

अक्षता हसली. अंग घरातच होतं. सम्यक तिच्याहून दोन वर्षांनी धाकटा, परळच्या एका लॅबमध्ये टेक्निशियन. आईवडील बदलापूरला राहायला गेल्यापासून दोघं भावंडं आजीकडेच राहत होती. सम्यकची चण आजोबांसारखी आहे असं सगळेच म्हणत.

रे रोडला लाकडाच्या वखारींमागे अक्षताने एक गाळा भाड्याने घेतला होता. तिथे सम्यक रविवारी सकाळी बनियनवर, शेठच्या खुर्चीत येऊन बसला. पोट आत घेऊ का, छाती दोन इंच वाढवून काढ, माझं लग्न व्हायचंय, असं त्याचं चालू होतं. दुपारनंतर तो गप्प झाला. छताजवळच्या झरोक्यातून ऊन येत होतं, बाहेर करवत चालू होती, सगळीकडे ताज्या भुशाचा वास होता. तरी सम्यकच्या दंडावर शहारा उठलेला तिला दिसला.

"थंडी वाजते?"

"नाही. ताई, तू मापं घेतेस का गं अंगाची?"

"मी इथे उभी आहे ना तुझ्यासमोर."

"हो. म्हणूनच विचारलं... शिंपी कसा टेप लावतो, तसं वाटतंय. खांद्यावरून. आता मनगटाला."

तिने त्याला चहा पाजला आणि पुन्हा बसवलं. उजेड चालला होता आणि तिला हात पुरे करायचे होते.

धड झालं. दुसऱ्या दिवशी त्यावर तिने फोटोच्या स्कॅनवरून आजोबांचा चेहरा रंगवला. मानेचा जोड तिला सगळ्यात अवघड जाईल असं वाटत होतं, पण तो एका बैठकीत, जणू आपला आपणच बसला. अ‍ॅक्रिलिक रंग लगेच सुकतो. संध्याकाळी तिने लांब उभं राहून पाहिलं. चित्र जमलं होतं, एवढं चांगलं तिला आजवर काही जमलं नव्हतं. फक्त गाळ्यात भुशाचा वास येत नव्हता. तेलाचा आणि दमट कापसाचा वास येत होता. असा वास तिने कधी घेतलेला नव्हता, तरी तो कशाचा हे तिला कळलं.

घरी आली तेव्हा सम्यक खोकत होता.

तो खोकला गेला नाही. सम्यक लॅबवाला, त्याने काढे वगैरे घेतले नाहीत. स्वतःचा एक्स-रे काढून घेतला, तो स्वच्छ निघाला. मग थुंकी काचपट्टीवर घेऊन मायक्रोस्कोपखाली धरली. घरी येऊन त्याने मोबाइलवरचा फोटो बहिणीला दाखवला आणि नेहमीच्या आवाजात सांगितलं, "कापूस आहे ताई. मी दोन वेळा बघितलं. ती गिरणी पाडून तिथे टॉवर झाला, मी तिच्यात पाऊलसुद्धा टाकलेलं नाही. माझ्या छातीत कापूस कुठून येतो?"

त्याच आठवड्यात तो जेवताना डाव्या हाताची बोटं हलवू लागला. अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासायची, चटकन पीळ द्यायची, सोडायची, पुन्हा घासायची. त्याचं त्याला कळत नव्हतं. आजी भाकरी वाढायला वाकली होती, ती तशीच थांबली. तुटलेला धागा कामगार जसा सांधतात, तशी ती चिमटी होती. तिने भाकरी ताटात ठेवली, पदर डोक्यावर घेतला आणि म्हणाली, "अहो, हळू जेवा. ठसका लागेल."

 मग आजीच ओशाळून उठली आणि मोरीवर जाऊन उगाच भांडी घासत बसली.

अक्षता भिंतीपाशी गेली. परत आणून टांगलेल्या फोटोत काळा कोट तसाच होता, टाय तसाच, रुमालाचं टोक तसंच. कॉलरच्या वर मात्र फक्त तपकिरी कागद होता. चेहरा गेला होता. स्कॅनरच्या उजेडाने जुने फोटो उडतात, असं तिने स्वतःला समजावलं. पण उजेड कोटावरही पडला होता.

त्या घरात भुतंखेतं कुणी मानत नव्हतं. छप्पन साली सीतारामच्या बापाने देव नदीत सोडले, त्याबरोबर भगत, अंगारे, उतारे सगळं सोडलं. अक्षताला त्याचा अभिमान होता. आता भावाच्या उशाशी बसून त्याच्या छातीतली घरघर ऐकताना तिच्या लक्षात आलं, की सोडलेल्या गोष्टी मागायला जायचं ठिकाणही आपल्याला उरलेलं नाही. आणि गेलो असतो तरी सांगणार काय? भूत बाहेरचं नव्हतं. भुताला डोकं होतं, अंग नव्हतं, आणि अंग तिनेच आणून दिलं होतं. सम्यकला तिने विचारलं होतं ते एवढंच, की रविवारी मोकळा आहेस का.

मग जे करता येण्यासारखं होतं ते तिने ठरवलं. कोट घालायचा.

चित्रं न्यायला गॅलरीचा टेम्पो संध्याकाळी येणार होता. दुपारी गाळ्यात जाऊन तिने काळा रंग काढला. बनियनवर पहिला हात मारण्याआधी तिचं मन जरा कचरलं. ज्या खोटेपणाविरुद्ध ती इतकी भांडली, तोच आता ती स्वतःच्या हाताने, स्वतःच्या सगळ्यात चांगल्या चित्रावर चढवणार होती. पण सकाळी सम्यकला जिना चढवला नव्हता. तिने आजीला फोन लावला आणि सांगितलं, की मी आजोबांना त्यांचा कोट परत देते आहे.

आजीने तिला तिथेच अडवलं.

"आत कोण आहे ते बघ आधी," ती हळूच म्हणाली. "मग घाल..."

"आजी, वेळ नाहीये. टेम्पो येईल."

तिने फोन ठेवला आणि ब्रश उचलला. खांदे झाकले, दंड झाकले, छाती झाकली. टाय काढला, रुमालाचं टोक काढलं. बटणं लावताना वरच्या बटणाशी कॅनव्हास आतून किंचित पुढे येतोय, पुन्हा मागे जातोय असं वाटलं. तिने पंखा बंद केला. तरी दोनतीनदा तसं झालं. मग तिने बटण भराभर पुरं केलं आणि कॅनव्हास निमूट झाला. वास गेला. बाहेर करवत सुरू झाली आणि भुशाचा वास गाळ्यात आला. तिला रडू आलं, सुटल्याचं.

घरी सम्यक खाटेवर ताठ बसून चहा पीत होता, बशीत ओतून. खोकला थांबला होता. चेहऱ्यावर रंग होता. तिने त्याला मिठी मारली, तेव्हा तो जरा अवघडला आणि मग तिच्या डोक्यावरून हात फिरवला. आजी स्टोव्हपाशी पाठमोरी होती, पदर डोक्यावरून घट्ट. दुसऱ्या दिवशी अक्षता गॅलरीत जायला निघाली तेव्हा भिंतीवरचा फोटो खाली होता. आजीने तो पुसून, साडीत गुंडाळून ट्रंकेत ठेवून दिला. आता तो कशाला वर, असं ती म्हणाली आणि चक्क लाजल्यासारखी हसली. पंचेचाळीस वर्षं एकटीने काढलेली बाई. अक्षताला तिला काही विचारवलं नाही.

प्रदर्शनाला सम्यक आला नाही. दमलोय म्हणाला. ती निघताना त्याने आपला मोबाइल तिच्या हातात दिला.

"हे उघडत नाही, बाळ. बघ काय झालंय."

नंबर टाक ना मग, ती म्हणाली. त्याला आठवत नव्हता. फोन चेहऱ्यासमोर धर म्हटल्यावर त्याने धरला, कंदील धरावा तसा, आणि फोनने चेहरा ओळखला नाही. तिने तो पर्समध्ये टाकला, वाटेत दुकानात दाखवू म्हणून.

गॅलरीत हर्षवर्धन नाराज होता. प्रदर्शन त्याने मांडलं होतं आणि मधल्या भिंतीसाठी बनियनमधलं चित्र त्याने सगळ्यांना फोनवर दाखवून ठेवलं होतं. "कोट कशाला घातलास यार?" एवढंच तो म्हणाला आणि पाहुण्यांकडे वळला.  अक्षता सीतारामच्या चित्रासमोर उभी होती. चित्र चांगलंच होतं. चेहरा आजोबांचाच होता, तिने रंगवलेला, प्रत्येक सुरकुती तिच्या ओळखीची. तिने घातलेली बटणं जागच्या जागी होती.

पर्समध्ये सम्यकचा फोन वाजला. लॅबमधून असणार, आजही गेला नव्हता तो. तिने काढेपर्यंत फोन वाजायचा थांबला. किती वेळा येऊन गेला ते बघावं म्हणून तिने तो हातात उभा धरला, आणि स्क्रीनवरचं छोटं कुलूप उघडलं.

तिने बटण दाबून स्क्रीन विझवली, पुन्हा पेटवली आणि फोन आपल्याकडे वळवला. बंद.

पुन्हा चित्राकडे धरला. उघडला.

हा फोन सम्यकशिवाय कुणालाच उघडत नसे, आणि असे फोन फोटोला फसत नाहीत, हे तिला माहीत होतं. समोर डोळे असावे लागतात, आणि ते बघत असावे लागतात. मागे लोक थांबले होते. कुणीतरी म्हणालं, जरा बाजूला होता का, आम्हालाही बघू द्या. अक्षता हलली नाही. हात खाली घेतला की फोन पुन्हा बंद होईल, म्हणून ती तो तसाच, चित्राच्या चेहऱ्यासमोर, धरून उभी राहिली.