उतारावर घसरलेली व्हॅन

"सही करणार नाही. काय वाट्टेल ते होऊ दे!"

दारातूनच असं बजावत ती आत आली. डांगरीवर ग्रीसचे डाग, मुठीत चुरगळलेला माफीनामा. गॅरेजमध्ये ती फिटर होती.

खासगी तपास करणाऱ्या वहिनींनी तिला बसवलं. शेजारी त्यांचे धाकटे दीर होते. ते वहिनींसोबत सगळीकडे जात आणि सगळं दोनदा विचारत.

"शाळेच्या व्हॅनला मी संध्याकाळी नवं एबीएस मॉड्यूल बसवलं," ती म्हणाली. "दुसऱ्याच सकाळी ओल्या उतारावर चाकं जाम झाली आणि व्हॅन भिंतीवर गेली. नशीब, मुलं अजून बसायची होती. चालवत होता माझा सख्खा दादा. पाय मोडला त्याचा. व्हॅनचा मालक म्हणतो, दोष तुझ्या कामाचा, ह्या माफीनाम्यावर सही कर. दादा तर माझ्याशी बोलतच नाही."

"एबीएस म्हणजे?" भावजींनी विचारलं.

"करकचून ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा. मॉड्यूल हा तिचा मेंदू."

"काम झाल्यावर तपासलंस?" वहिनी म्हणाल्या.

"ब्रेकमधली हवा काढली, स्कॅनर लावला. डॅशबोर्डवरचा एबीएसच्या बिघाडाचा दिवा विझला. मग प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून मॉड्यूलच्या अंगावर पिवळी रेघ ओढली. बोल्ट जरा हलला तरी रेघ तुटलेली दिसते."

दवाखान्यात दादा भिंतीकडे तोंड करून पडला होता. "सकाळी दिवा पुन्हा लागलेला," तो तुटकपणे म्हणाला. "मालकांना सांगितलं. म्हणाले, नवीन आहे, जाईल आपोआप."

मालकाच्या आवारात चेपलेली व्हॅन उभी होती. शेजारी त्याच मॉडेलची दुसरी, धुऊनपुसून चकाचक.

"ही विकतोय. गिऱ्हाईक यायचंय," मालक म्हणाला. "रात्रभर आवाराला कुलूप होतं, चावी माझ्या उशाशी. बॉनेटला कुणाचा हात लागणार? दोष हिचाच."

वहिनी चेपलेल्या व्हॅनवर वाकल्या. बोल्टच्या डोक्यांवर पिवळा रंग होता, मॉड्यूलवर मात्र टिपूसही नाही.

"रंग संपला असेल," भावजी म्हणाले.

"नाही भावजी, उरलेली रेघ दुसरीकडे गेलीय. साहेब, त्या गाडीचं बॉनेट उघडा."

"तिचा काय संबंध?"

"उघडा."

आतलं मॉड्यूल नवंकोरं होतं. त्याच्या अंगावर पिवळ्या रेघांची अर्धुकं, बोल्ट मात्र कोरे.

"संध्याकाळी विझलेला दिवा सकाळी लागला," वहिनी म्हणाल्या, "म्हणजे अदलाबदल रात्रीच झाली. रात्री चावी कुणाकडे होती, ते तुम्हीच सांगितलंत. गिऱ्हाइकाला दिवा दिसू नये म्हणून चांगलं मॉड्यूल ह्या गाडीत घातलंत आणि इथलं बिघडलेलं मुलांच्या गाडीत."

मालकाचा चेहरा उतरला. "आपसात मिटवू या ना," तो फिटरला म्हणाला. "तुझ्या दादाची नोकरीही राहील."

"मिटवायचं? त्या मुलांच्या आईबापांना बोलावते. त्यांच्यासमोर बोला काय ते."

तिने आधी दादाला फोन लावून सगळं सांगितलं.

"पालक येईपर्यंत फाटकातून हलू नकोस. ती गाडी बाहेर जाता कामा नये," तो म्हणाला.

ती फाटक अडवून उभी राहिली.