सतरा नंबरच्या गायीचं रक्त

फ्रीझरचं झाकण उघडलं आणि नासलेल्या रक्ताचा भपकारा तोंडावर आला.

तनुजा खंदारेनं ओढणी नाकाला लावली. देवणीच्या गुरांच्या संशोधन केंद्रात ती सोमवारी सकाळी, न कळवता आली होती. लातूरच्या शिवार न्यासानं तिला पाठवलं होतं. न्यासाच्या निधीतून इथं लंपी रोगावरच्या एका चूर्णाची चाचणी झाली होती. चूर्ण खाणाऱ्या चाळीस गायी वाचल्या, असा अहवाल होता. पण न्यासाचा नियम नवा होता. त्याच रक्ताच्या नळ्या दुसऱ्या प्रयोगशाळेत तपासायच्या. तेच उत्तर आलं तरच चूर्ण पाचशे गावांत वाटायचं.

आता तपासायला काही उरलं नव्हतं. फ्रीझरची पिन कुणीतरी काढून ठेवली होती. खोलीचं कुलूप शाबूत होतं.

"गफूर!" चाचणी चालवणारे डॉक्टर ईश्वरप्पा बिरादार ओरडले. "माझी दोन वर्षं मातीत घातलीस!"

"सर, मी न्हाई केलं," केंद्राचा तंत्रज्ञ गफूर म्हणाला. "मी तर हिमायतनगरला होतो. भाचीचं लग्न होतं."

तनुजानं तापमापकाची नोंद पाहिली. शनिवारी सकाळी अकरापासून तापमान चढत गेलं होतं.

"शनिवारी अकरा वाजता तुम्ही कुठे होता, डॉक्टर?"

"नांदेडला. दोनशे लोकांसमोर व्याख्यान देत होतो. तुम्ही मला विचारता? नियम करणाऱ्यांनी कधी शेणात हात घातलाय?"

"खोलीच्या किल्ल्या किती?"

"तीन," गफूर म्हणाला. "एक सरांकडं, एक माझ्याकडं. फ्रीझर न्यासानं दिलेला, म्हणून एक लातूरला जमा हाय."

"उरला कोण मग? हाच!" डॉक्टरांनी पोलिसांना फोन लावला. दुपारी गफूरला जीपमध्ये बसवून नेलं. तो वळून एवढंच म्हणाला, "मॅडम, वही बघा. सर सांगायचे, मी लिहायचो."

तनुजानं वही उघडली. गायी कानातल्या बिल्ल्याच्या नंबरानं नोंदलेल्या होत्या. तिनं सहज एक नंबर निवडला. सतरा. जानेवारीत रक्त घेतलं, प्रकृती ठणठणीत. मालकीण सरजाबाई.

सरजाबाईचं घर केंद्रासमोरच होतं. तिनं बसा म्हटलं नाही.

"परवा येऊन गेलाव, आज पुन्हा आलाव. किती डाव येताव?"

"मी आजच आले, मावशी."

"तुमीच सगळे. एकाच गाडीतून उतरताव."

"सतरा नंबरची गाय बघायची होती."

म्हातारीचा चेहरा दगडासारखा झाला. "दिवाळीतच गेली. अंगभर गाठी आल्या. चूर्ण चाललंय, लस नको, म्हणले डाक्टर. माझं काय चुकलं? ऐकलं, हेच चुकलं. चालती हो इथून!"

दिवाळीत मेलेल्या गायीचं जानेवारीत रक्त कुणी काढलं?

दुसऱ्या दिवशी लातूरच्या कार्यालयात चौघं बसले. न्यासाच्या अध्यक्षा धम्मप्रिया सूर्यतळ, निधी अधिकारी दयानंद, डॉक्टर बिरादार आणि तनुजा.

"वही खोटी आहे," तनुजा म्हणाली. "रक्त पुन्हा तपासलं असतं तर ते उघड झालं असतं. म्हणून नळ्या नासवल्या."

"म्हणजे मी?" डॉक्टर उठले.

"नाही. तुम्ही नांदेडला होता. गफूर लग्नात होता, फोटोत वेळ आहे. दोन किल्ल्या गेल्या. उरली तिसरी." ती वळली. "दयानंद सर, ती तुमच्या कपाटात असते ना?"

दयानंद हसला. "किल्ली असणं गुन्हा आहे का?"

"मी सोमवारी देवणीला जाणार, हे मी गुरुवारी फक्त तुम्हाला सांगितलं होतं. शनिवारी सुटी असूनही तुम्ही न्यासाची गाडी नेली. गाडीच्या वहीत लातूर ते देवणी लिहिलंय, खाली तुमची सही आहे. सरजाबाई 'परवा आलाव' म्हणाली, तेव्हा मला वाटलं म्हातारीचा घोटाळा होतोय. तिनं आपलीच गाडी पाहिली होती."

"दोन दिवसांच्या पोरीनं मला शिकवायचं? हा न्यास मी उभा केलाय!"

"तुम्ही तपासणीआधीच चूर्णाचा गवगवा केला. तेच उत्तर पुन्हा आलं नसतं तर तुमचं नाक कापलं गेलं असतं."

धम्मप्रियाताईंनी डॉक्टरांकडे पाहिलं. "तुम्ही खोटं का लिहिलंत?"

डॉक्टर खाली बसले. "पहिला अहवाल खरा पाठवला होता. चूर्णाचा काही उपयोग दिसत नाही, म्हणून. दयानंदांनी परत पाठवला. म्हणाले, असलं रडगाणं लिहिणाऱ्याला न्यास पुन्हा दारात उभं करत नाही. नंतर त्यांना हवं ते लिहिलं."

"तो अहवाल कुठे आहे, दयानंद?"

ताईंनी स्वतः त्याचं कपाट उघडलं. अहवाल तळाशी होता, किल्लीच्या डबीखाली. त्यांनी तो उभ्यानंच वाचला.

"खोटं यांनी लिहिलं," त्या म्हणाल्या, "पण मागितलं आपण. फक्त जिंकलेल्यालाच निधी दिला की माणूस हरल्याचं सांगेल कशाला? तनुजा, पोलिसांना बोलाव. गफूरला आधी सोडायला सांग. आणि हा पहिला अहवाल न्यासाच्या नावानं छापायचा. एक ओळ कापायची नाही."

संध्याकाळी गफूर सुटला. ठाण्याबाहेर डॉक्टर उभे होते. तो त्यांच्याकडे न बघता निघून गेला.

पुढच्या आठवड्यात देवणीच्या गुरांच्या बाजारात लसीचं पथक आलं. ताईंच्या हुकमानं डॉक्टर बिरादारांनी आपला पहिला अहवाल तिथं उभं राहून वाचला. गर्दीतून शिव्या आल्या. मग चूर्णाचं एक पाकीट भिरभिरत आलं आणि त्यांच्या छातीवर फुटलं. हिरवी भुकटी चष्म्यावर बसली. त्यांनी चष्मा पुसला नाही. पुढची ओळ त्यांना पाठच होती.