हलू नको, भागे

नगरच्या स्कॅन सेंटरवर त्या संध्याकाळी शेवटचं नाव भागूबाईंचं होतं. मशीन चालवायला त्यांचीच लेक, स्नेहल. आईला तिनं नेवाशाहून एसटीनं आणलं होतं.

आई गोष्टी विसरू लागली होती. मेंदूतला पांढरा भाग गेल्या वर्षापेक्षा किती घटला, ते सॉफ्टवेअर फोटोंवरून मोजणार होतं. फार घटला असेल तर ती माणसंही विसरेल, असं डॉक्टर म्हणाले होते. म्हणजे आधी कोणाला, हे स्नेहलनं विचारलं नव्हतं.

पहिल्या खेपेला आई घाबरून हलली. फोटो पुसट आले. पुसट फोटोत सॉफ्टवेअरला पांढऱ्याची कडच सापडेना, आणि आकडा भलताच कमी आला. हलल्यामुळे, की खराच?

"आई, आत येऊन तुझा पाय धरू का?"

"मंग मशीन कोन चालविल, तुझी सासू?"

स्नेहल हसली आणि तिनं जड दार लावलं. मशीन पुन्हा ठकठकू लागलं. काचेतून आईची पावलंच तेवढी दिसत होती. बराच वेळ ती थरथरत होती... मग एकदम शांत झाली. स्पीकरमधून हलकेच आवाज आला, "व्हय... न्हाई हलत..."

खोलीत कुठूनसा तंबाखूचा वास आला.

या खेपेचे फोटो स्वच्छ होते. सॉफ्टवेअरनं कडा रंगवल्या, आकडा दिला. जवळजवळ गेल्या वर्षीचाच. स्नेहलनं टेबलावर डोकं टेकलं.

आईला उतरवताना तिनं विचारलं, "आता कशी नाही हललीस?"

"तुझ्या तात्यांनी पाय धरला व्हता. 'हलू नको, भागे,' म्हनले. हात लई गार लागला."

स्नेहलचा चेहरा पडला. "आई, तात्या तर..."

"गेलेत, ठावं हाय मला. येडी न्हाई झाले मी."

मशीनच्या खोलीत जाणाऱ्यानं अंगावरचं लोखंड-सोनं दाराबाहेरच्या ट्रेमध्ये काढून ठेवायचं, हा तिथला नियम. आईचे सोन्याचे मणी घ्यायला स्नेहलनं ट्रे ओढला. मण्यांशेजारी चुन्याची डबी होती, गाडीच्या चाकाखाली झाकण चेपलेली. तात्यांच्या सरणावर आईनंच ती ठेवली होती.

तिनं झाकण उघडलं. चुना ओला होता, आणि त्यावर बोट फिरवल्याची ताजी खूण.