सांगता न येणारी किल्ली

सोलापूरच्या हस्तस्मृती संशोधन केंद्रात येणाऱ्या पाहुण्याला पहिला धक्का नाकाला बसायचा. अंकधनाच्या, म्हणजे संगणकी पैशाच्या, सुरक्षिततेवर काम करणारी प्रयोगशाळा म्हटल्यावर माणूस थंडगार खोल्या आणि लुकलुकते दिवे डोळ्यांपुढे ठेवून येतो. इथे जिना चढतानाच ज्वारीच्या भाकरीचा खरपूस वास! वर जाऊन बघावं तर संगणकांच्या रांगेसमोर ओट्यांची रांग, ओट्यावर पराती, आणि मज्जाशास्त्रातली नावाजलेली डॉ. मुक्ता वळसंगकर ओढणी कमरेला खोचून तव्यावरची भाकरी उलटते आहे.

त्या मंगळवारी दुपारी मात्र सगळे तवे थंड होते. मुक्तासमोर महानंदा बसली होती आणि तिचा उजवा हात कोपरापर्यंत पट्ट्यांत गुंडाळलेला होता. महानंदा शहरातल्या एका भाकरी केंद्रात कामाला होती, दिवसाला दोनशे भाकऱ्या थापायची. शनिवारी पिठाच्या गिरणीच्या पट्ट्यात तिचा हात गेला.

"डॉक्टर म्हणाले, आठ दिवसांत शीर जोडली तर बोटं हलतील," महानंदा म्हणाली. "नाहीतर गेली कायमची. पुण्याला जावं लागतंय आणि पैसे आधी भरायचे. पैसे आहेत की माझ्याकडं, मॅडम! तुमच्या बटव्यात आहेत. आता उघडू कशानं?"

हात वाचवायचा पैसा त्याच हाताच्या आड बंद झाला होता, आणि तसं कुलूप मुक्तानेच बनवलं होतं.

गोष्ट सुरू झाली तीन वर्षांपूर्वी, केंद्राच्या गच्चीवरच्या एका भांडणातून. एका बाजूला मुक्ता, दुसऱ्या बाजूला कूटशास्त्रज्ञ डॉ. इब्राहिम नदाफ. कष्टकरी बायकांची मजुरी नुकतीच अंकधनात मिळू लागली होती आणि त्यांच्यासाठी कोणता अंकबटवा निवडावा हे दोघांना ठरवायचं होतं.

"आजवरच्या बटव्यांच्या दोनच जाती," इब्राहिम म्हणाला होता. "एक सुरक्षित, पण वापरताना जीव जातो. चोवीस बीजशब्द पाठ करा, एक शब्द चुकला की संपलं. मग बायका ते कागदावर लिहून डाळीच्या डब्यात ठेवतात आणि घरच्यांना ते तिसऱ्या दिवशी सापडतात. दुसरी जात सोयीची. बोट लावा, चेहरा दाखवा, उघडला. पण झोपलेल्या बाईचं बोट धरून बटवा रिकामा करणारेही घरातच असतात. ज्याचा कागद होतो तो चोरता येतो. जे सांगता येतं ते धमकावून वदवून घेता येतं."

"मग सांगताच येणार नाही असं काहीतरी शोध," मुक्ता म्हणाली.

"म्हणजे?"

"शर्टाचं वरचं बटण लावताना तुझं कुठलं बोट आधी हलतं?"

इब्राहिमने हात वर नेला, खाली घेतला, परत वर नेला. "अगं, असं कसं सांगणार? लावल्याशिवाय नाही कळायचं."

"हेच तर! हाताला माहीत आहे, तुला नाही. सवयीच्या हालचालींचा साठा मेंदूच्या खोल भागात असतो आणि तिथून शब्दांकडे येणारी वाटच नाही. तिथे किल्ली ठेवली तर मालकिणीच्या डोक्याला बंदूक लावूनही ती मिळणार नाही. कारण तिलाच ती ठाऊक नाही. शिवाय घाबरलेल्या माणसाची लय बिघडते, म्हणजे धाकाखाली ती उघडणारही नाही."

"आणि अशी कुठली हालचाल आहे जी या सगळ्या बायका रोज, हजारो वेळा करतात?" इब्राहिमने विचारलं, आणि विचारता विचारताच त्याला उत्तर सापडलं. खालच्या भाकरीच्या टपरीतून थाप थाप आवाज येत होता.

अशी थापकिल्ली जन्माला आली. परातीखाली बसवायची एक पातळ चकती. तिच्यावरचा ठिपका दाबायचा आणि नेहमीसारखी एक भाकरी थापायची. थापेचा दाब, दोन थापांमधला वेळ, भाकरी फिरवण्याचा कोन, सगळं चकती मोजते. लय जुळली की बटवा उघडतो, शिल्लक बोलून दाखवतो आणि विचारतो, कुणाला किती द्यायचे. मूळ लय कुठेही साठवलेली नसते. तिच्यापासून एक आकडा काढतात आणि लय पुसून टाकतात. आकड्यावरून पडताळा घेता येतो, लय परत बनवता येत नाही. बारा हजार बायका तपासल्या, कुठल्याही दोघींची थाप जुळली नाही. नमुना चांगला पसरलेला असावा म्हणून एका घरातून एकच बाई घेतली होती. चाळीस हजार चकत्या खोक्यांत भरून तयार होत्या आणि पुढच्या सोमवारी वाटायच्या होत्या.

महानंदा पहिल्या शंभरांतली. तिची नोंदणी मुक्ताने स्वतः केली होती आणि पडद्यावर उमटणारी तिची लय अजून मुक्ताच्या डोळ्यांपुढे होती. सातव्या थापेनंतर ही बाई निमिषभर थांबायची.

"इथे का थांबता?" मुक्ताने तेव्हा विचारलं होतं.

"कुठं थांबते?" महानंदाने उलट विचारलं होतं.

हा बटवा घ्यायचं कारणही तिने त्याच दिवशी सांगितलं होतं. लहानपणी आई गेली, वसतिगृहात वाढली, स्वयंपाकाचा गंध नाही, आणि लग्न होऊन आली ती निंगव्वाच्या हाताखाली. सासू तोंडाची फटकळ. भाकरी फाटली की उलथन्याचा चटका. नवरा सासूपुढे अवाक्षर काढत नाही. "पंचवीस वर्षं काढली, मॅडम. आता माझ्या नावावर दोन खोल्या घ्यायच्या आणि निघायचं. फक्त त्या घरात कुणाला पैशाचा पत्ता लागता कामा नये."

आणि आज तीच सासू तिला रिक्षात घालून इथवर घेऊन आली होती. खुर्ची नको म्हणून बाहेर जिन्याच्या पायरीवर बसली होती.

"आम्ही वर्गणी काढतो," मुक्ता म्हणाली. "हात आधी वाचू दे."

"काढा," महानंदा म्हणाली. "आणि सोमवारी चाळीस हजार जणींना हेच कुलूप द्या. त्यांतल्या किती जणींचे हात पट्ट्यात जातील, किती जणींना लकवा मारेल? तेवढ्या वर्गण्या काढणार का?"

बाई बोलली त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

इब्राहिम इतका वेळ संगणकाला डोळे लावून बसला होता. बटव्याची प्रत्येक उघडझाप सार्वजनिक साखळीत, म्हणजे अंकधनाच्या खुल्या नोंदवहीत, नोंदली जाते. कुणी तक्रार केल्याशिवाय ती बघितली जात नाही, आणि आजवर कुणाची तक्रारच आली नव्हती.

"महानंदाताई," तो सावकाश म्हणाला, "तुम्ही दर सोमवारी सकाळी अकराला बटवा उघडता का?"

"अकराला? अकराला मी केंद्रावर असते. मी रात्री जेवणं झाल्यावर उघडते, तेही महिन्यातून एकदा."

"गेलं दीड वर्ष दर सोमवारी अकराला उघडलाय. काल पण."

काल! काल तर तिच्या हाताला पट्ट्या होत्या.

बारा हजार बायका, तीन वर्षं, चाळीस हजार चकत्या, आणि कुणीतरी तिसराच माणूस दर आठवड्याला हे कुलूप उघडत होता. "पैसे?" मुक्ताने विचारलं.

"जागच्या जागी. फक्त उघडलाय आणि बंद केलाय."

"सोमवारी अकराला घरी कोण असतं?"

महानंदाचा चेहरा उतरला. तिने दाराबाहेरच्या जिन्याकडे पाहिलं.

निंगव्वाला आत बोलावलं. ती कंबरेवर हात ठेवून आली, ओट्यांच्या रांगेकडे बघून नाक मुरडलं आणि म्हणाली, "एवढ्या पराती आणि एकीला धड काठ नाही. काय करायलाव हिथं?"

"आजी," मुक्ताने सरळच विचारलं, "महानंदाचा बटवा तुम्ही उघडता?"

"उघडते की." जणू दुधाचं भांडं उघडण्याबद्दल विचारलं होतं. "माझ्यापुरती भाकरी टाकत होते. खालच्या त्या ठिपक्याला बोट लागलं चुकून. भाकरी झाली आणि परात बोलायला लागली! मी घाबरले बगा. मग कळलं, पोरीचा पैसा हाय."

"शक्य नाही," इब्राहिम पुटपुटला. "दोन माणसांच्या थापा जुळणं शक्यच नाही."

"थापून दाखवाल?" मुक्ताने विचारलं.

निंगव्वाने पदर खोचला. पीठ मळलं, गोळा केला, परातीत पीठ भुरभुरलं. इब्राहिमने परातीखालची चकती महानंदाच्या बटव्याला जोडून ठिपका दाबला. थाप पडू लागली तशी पडद्यावर रेघ उमटू लागली, आणि मुक्ता श्वास रोखून मोजत राहिली. पाच, सहा, सात. रेघ निमिषभर सपाट झाली आणि पुन्हा उसळली. तोच विसावा, तेवढाच, त्याच जागी!

"बटवा उघडला," चकती म्हणाली.

निंगव्वाने भाकरी तव्यावर टाकायला उचलली, तवा थंड आहे हे पाहून कपाळाला आठी घातली आणि परत परातीत ठेवली.

"आजी, सातव्या थापेनंतर तुम्ही थांबता. का?"

"मी? छे." मग तिने हवेत हात हलवून पाहिला आणि स्वतःच चकित झाली. "आई गं, थांबते की! माझी सासू थांबायची तशी. तिला मी विचारलं होतं एकदा. ती म्हणाली, माझ्या सासूच्या हातात चांदीचे जड गोठ होते, ते थापताना खाली घसरायचे. ती ते मागं सारायची. सासूच्या हातात गोठ नव्हते, माझ्याही नाहीत. पण शिकवणारीनं थांबत शिकवलं, तर शिकणारी थांबणारच की."

शंभरएक वर्षांपूर्वी एका बाईने मनगटावरचे गोठ मागे सारले होते. गोठ कधीच मोडून गेले, बाई गेली, तिचं नावही कुणाला ठाऊक नव्हतं. आणि तिची ती हालचाल एका हातातून दुसऱ्या हातात, रक्ताचं कसलंही नातं नसलेल्या चार बायकांतून, आज दुपारी या पडद्यावर उमटली होती. मेंदूवर इतकी वर्षं काम करूनही असं काही मुक्ताच्या स्वप्नात आलं नव्हतं. तिचे डोळे भरून आले आणि ते पुसायचंही तिला सुचलं नाही.

"एका घरातून एकच बाई," इब्राहिम स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. "मुक्ता, आपण बारा हजार घरं तपासली. एकाच चुलीपुढच्या दोघी कधी तपासल्याच नाहीत."

"म्हणजे जिने थापायला शिकवलं, तिला शिकणारीचा बटवा उघडतो," मुक्ता म्हणाली. "जिच्यापासून लपवायचा, नेमका तिलाच! सोमवारचं वाटप थांबव, इब्राहिम. एकही चकती बाहेर जाता कामा नये. चकती देताना प्रत्येकीला विचारावं लागेल, तुला कुणी शिकवलं. आणि त्या बाईवर विश्वास आहे का, हेसुद्धा."

"कुणाला किती द्यायचे?" चकतीने दुसऱ्यांदा विचारलं.

"मला काय विचारतीस?" निंगव्वा चकतीवर खेकसली आणि महानंदाकडे वळली. "तू बोल. पैसा तुझा हाय."

महानंदाने पुण्याच्या रुग्णालयाचं नाव घेतलं, रक्कम सांगितली. चकती म्हणाली, दिले. एवढंसं काम झालं आणि इतका वेळ ताठ बसलेली महानंदा एकदम रडायला लागली.

"डॉक्टर म्हणतात, शीर जुळली तरी हात सगळं विसरलेला असेल. घास घेण्यापासून शिकवावं लागेल त्याला," ती हुंदके देत म्हणाली. "म्हणजे माझ्या हातानं बटवा पुन्हा उघडणार नाहीच ना, मॅडम? नवा हात नवी थाप शिकणार."

मुक्ता काही बोलणार तोच तिला उत्तर दिसलं, आणि ते आपण सांगायचं नाही हेही कळलं. तिने निंगव्वाकडे पाहिलं.

"नवी कशाला?" निंगव्वा म्हणाली. "मी हाय की अजून. पयल्यांदा शिकवली तशीच शिकवीन. चटका न देता."

महानंदाने पदराने तोंड पुसलं. मग ती सासूकडे वळली. "आत्या, तो पैसा कशासाठी होता ते तुम्हाला माहीत नाही. मी घर सोडून जाणार होते."

"म्हाईत हाय."

"मग दर सोमवारी उघडून काय बघत होता?"

निंगव्वा परातीतली न भाजलेली भाकरी मोडून पुन्हा गोळा करू लागली. "तुला जायला अजून किती कमी पडतंय ते," ती म्हणाली. "ऊठ आता, गाडी चुकंल. हात बरा कर, परत शिक, आणि मग जा."