हिवाला आवतण

जरा हळू बोल गं दारका, आत ओनुफ्री झोपलाय. झोप कसली, नुसता डोळे मिटून पडलेला असतो. तू अशी शेगडीजवळ बस, बाळाला ऊब लागेल. शेजारघरची नवी सून तू, तरी मी दोन जागांवर फुंकर घातली ते बरोब्बर ओळखलंस हो! या सस्कॅचेवानच्या माळावर इतक्या बायका आहेत, त्यांतली एकही कधी विचारायला आली नाही.

फुंकर तर आज आपण सगळेच घालतो, जुन्या मुलखाहून आणलेली रीत आपली. नाताळच्या आदल्या संध्याकाळी आपली गेलेली माणसं जेवायला येतात, चुकून त्यांच्या अंगावर बसायला नको म्हणून बाकावर फुंकायचं नि मग टेकायचं. पण ज्यानं त्यानं आपापल्या जागेवर फुंकायचं. मी माझ्या जागेवर फुंकते आणि नवऱ्याच्याही. का, ते सांगते.

माझ्या लग्नाला तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. याच सणाचा दिवस होता. गव्हाची खीर रटरटत होती, खसखस वाटून झाली होती, आणि बघते तर डब्यात मध नाही. सासू माझी डोळ्यांनी अधू, पण जीभ अशी की विचारू नकोस. म्हणाली, "माझा म्हातारा वर्षातून एकदा जेवायला येतो, त्याला ही असली बेचव खीर वाढू?"

ओनुफ्री हसला. "आई, बाबा जिवंत असताना एवढे लाड केले असतेस तर!" म्हणाला. घोडा बर्फगाडीला जुंपला आणि पलीकडच्या शेतावरच्या पेत्रोकडे मध आणायला निघाला. जाताना मला म्हणाला, "पहिली चांदणी दिसायच्या आत येतो. खिडकीत मेणबत्ती लावून ठेव."

तो गेला आणि थोड्याच वेळात वादळ सुटलं. माळावर ना झाड ना कुंपण, वारा नुसता मोकाट. दारातून हात पुढं केला तर बोटं दिसेनात. मेणबत्ती लावली आणि खिडकीला नाक लावून बसले.

सासू म्हणाली, "वेळ झाली. हिवाला आवतण दे."

ते खरं घरच्या कर्त्या पुरुषाचं काम. दार उघडून हिवाला तीनदा जेवायला बोलवायचं, आणि लगेच बजावायचं: आत्ता आला नाहीस, तर मग पिकावरही येऊ नकोस, घरातही येऊ नकोस.

मी म्हटलं, "आई, तो बाहेर आहे त्या वादळात, आणि मी हिवालाच घरी बोलावू?"

"नाही बोलावलंस तर गहू जाळून टाकील मेला. बोलाव."

दार उघडलं. अंगावर काटा आला गं. ओरडले, "हिवा, ये रे, खीर खायला ये!" एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा ओरडले, आणि समोरच्या पांढऱ्यातून आवाज आला...

"आलो."

ओनुफ्रीचा आवाज. मला रडूच फुटलं. त्याला हाताला धरून आत ओढलं, दार लावलं. आणि ते बजावायचं राहून गेलं.

"मध?" मी विचारलं.

"सांडला..."

"आणि घोडा?"

"आहे..."

तो खिडकीशी गेला, दोन बोटांनी मेणबत्ती विझवली. "डोळ्यांना खुपते," म्हणाला. मग सरळ बाकावर जाऊन बसला. फुंकर घातली नाही. शेगडीच्या इतक्या जवळ बसला, तरी त्याच्या मिशांवरचं बर्फ होतं तसंच होतं.

आणि तेवढ्यात बाहेरून हाक आली.

"मोत्रा...! मेणबत्ती का विझवलीस...? घर कुठाय...?"

काड्या ओढायला गेले, एक मोडली, दुसरी मोडली. त्यानं माझं मनगट धरलं. "मी इथं आहे ना... मग तू कुणाला शोधतेस?"

मी हात हिसडला, मेणबत्ती पेटवली, दार उघडून घसा फाटेस्तोवर ओरडले. परात घेऊन बडवली. मागून सासू कावली, "दार लाव गं, पोरगं गारठलंय माझं!" बाहेरचा आवाज घराभोवती फिरला. अगदी भिंतीला लागून गेला. मग तळ्याकडे लांब लांब गेला... आणि थांबला.

आत वळले, तर हा खीर खात होता. "छान झालीय," म्हणाला.

सकाळी घोडा गंजीमागं उभा सापडला, गाडीसकट. गाडीत मधाचा डबा होता, घट्ट झाकण लावलेला, ओनुफ्रीच्या मफलरमध्ये गुंडाळलेला. बर्फ वितळल्यावर मी एकटीनं सगळं तळं पालथं घातलं. काही नाही. सासू मरेपर्यंत म्हणत राहिली, सुनेचं डोकं फिरलंय.

लोक म्हणतात, मोत्रा नशिबाची. नवरा कधी हात उगारत नाही, कधी आजारी पडत नाही. भर हिवाळ्यात उघड्या हातांनी लाकडं फोडतो. अगं, पण आपण बोललो की तोंडातून वाफ निघते ना? त्याच्या तोंडातून मी कधी पाहिली नाही. फुंकर कुठून घालणार तो?

मी घालते ती माझ्या ओनुफ्रीसाठी. अजून तो आत आलेला नाही, ते मला ठाऊक आहे. दर वर्षी या संध्याकाळी भिंतीपाशी येतो आणि म्हणतो, "दिवा दिसतोय गं... दार कुठाय?" मी धावत जाऊन दार उघडते, की पुढं निघून जातो. पण एखाद्या वर्षी सापडलंच दार, येऊन बसलाच आपल्या जागेवर दमूनभागून, तर त्याच्या अंगावर हा बसायला नको.

श्श... ऐकलंस? आत पलंग वाजला. उठला तो. खिडकीतली ही मेणबत्ती विझवायला येईल आता. सरक, दारका, बाळाला घेऊन खिडकीपुढं उभी राहा, माझ्या शेजारी. आज विझू द्यायची नाही. आणि मागं वळू नकोस... काचेवरचं बर्फ कुणीतरी बाहेरून खरवडतंय.